प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी : नाही म्हणणारे गणिती



विज्ञान दिनाला आपल्या मुलांनी सभागृहाच्या भिंतीवर शास्त्रज्ञांची चित्रे लावली होती. सर सी. व्ही. रामन होते, डॉ. होमी भाभा होते, डॉ. अब्दुल कलाम तर तीन ठिकाणी होते. चित्रे पाहता पाहता इयत्ता नववीतल्या एका मुलीने मला विचारले की, शास्त्रज्ञ असूनही बॉम्बला विरोध करणारा आपल्यातला कोणी होता का. मी आइन्स्टाइन यांचे नाव घेऊन वेळ मारून नेली. पण आपल्यातला म्हणजे आपल्या भाषेतला, असा तिचा रोख होता. उत्तर देणे तेव्हा राहून गेले, ते आज देतो.

माझे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे कोसंबींची आणि माझी पहिली भेट हिंदीतच झाली. गुणाकर मुळे यांनी अनुवाद केलेले ‘प्राचीन भारत की संस्कृति और सभ्यता’ हे पुस्तक मी वाचनालयातून आणले होते. लेखक गोव्याचा मराठी माणूस, अनुवादक अमरावती जिल्ह्यातला मराठी माणूस, मूळ पुस्तक इंग्रजी, आणि मी मराठी मुलगा ते हिंदीत वाचत होतो! लेखक कोणी इतिहासाचे प्राध्यापक असतील असे मला वाटले होते. ते गणिताचे प्राध्यापक होते हे कळायला आणखी पुष्कळ वर्षे गेली.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात झाला. घरात त्यांना बाबा म्हणत. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे विद्वान. शाळेचे शिक्षण जेमतेम झालेला हा माणूस ज्ञानाच्या ओढीने १८९९ साली घर सोडून निघाला आणि काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा हिंडून पाली शिकून आला. आपल्या शेजारचे नवसारी आणि सोनगढ ज्यांच्या राज्यात होते, त्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी धर्मानंदांना दरमहा ५० रुपये वेतन दिले होते. अट अशी की, त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे आणि बडोदे संस्थानासाठी दरवर्षी एक पुस्तक लिहावे. विद्येला मदत करण्याची ही रीत आपल्या विश्वस्त मंडळींना आवडेल म्हणून मुद्दाम सांगितली.

पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने पालीच्या एका मोठ्या ग्रंथाच्या कामासाठी धर्मानंदांना बोलावले. १९१८ मध्ये ते ११ वर्षांच्या बाबाला बरोबर घेऊन गेले. केंब्रिज नावाच्या त्या गावात बाबा शाळेत गेला, तिथल्या बालवीर पथकात म्हणजे स्काउटमध्ये दाखल झाला, आणि अभ्यासात इतका पुढे गेला की हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेतून त्याला सूट मिळाली. त्याच गावात त्याची नॉर्बर्ट वीनर या तरुण गणितज्ञाशी मैत्री झाली. वीनर यांचे वडील धर्मानंदांच्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मध्येच कॉलेज सोडून बाबा भारतात आला आणि वडिलांजवळ अहमदाबादला राहिला. धर्मानंद तेव्हा गुजरात विद्यापीठात होते. गांधीजींच्या सभोवतालची माणसे, साधी राहणी, सूतकताई, हे सारे त्या अमेरिकेत वाढलेल्या मुलाने जवळून पाहिले. जानेवारी १९२६ मध्ये तो परत हार्वर्डला गेला. तिथल्या नामवंत गणितज्ञांना वाटे की याने फक्त गणितच करावे. पण याला सगळेच शिकायचे होते, भाषासुद्धा. १९२९ मध्ये त्याने सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली. विशेष म्हणजे ही बी.ए.ची पदवी हीच त्यांची शेवटची पदवी. पीएच.डी. त्यांनी केली नाही. (पालकांनी हे वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवू नये!)

भारतात परतल्यावर ते आधी बनारस हिंदू विद्यापीठात गणित आणि जर्मन भाषा शिकवू लागले. १९३१ मध्ये अलीगढला गेले. तिथे आंद्रे व्हेइल हा फ्रेंच गणितज्ञ गणित विभागाचा प्रमुख होता, त्यानेच त्यांना बोलावले. दोघेही तरुण आणि खोडकर. कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या सिद्धांतावर एक शोधनिबंध गंभीरपणे छापून आणला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने हेच बूर्बाकी आडनाव घेतले आणि ते जगभर गाजले. त्याच वर्षी कोसंबींचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि १२ वर्षे तिथेच राहिले. १९३४ मध्ये त्यांना पहिले रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

या पुण्याच्या काळात त्यांनी काय काय केले ते एका लेखात मावणार नाही. जुन्या चांदीच्या नाण्यांचे उदाहरण सांगतो. नाणे हातोहात फिरले की झिजते आणि वजनात थोडे थोडे कमी होते. मग शेकडो नाणी अचूक तराजूवर तोलली आणि त्या आकड्यांना गणिताचे नियम लावले, तर कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येईल, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी स्वतः बसून हजारो नाणी तोलली. नाण्यांवरून राजांकडे, राजांवरून समाजाकडे, आणि तिथून ते इतिहासाकडे वळले. भर्तृहरीच्या शतकांची हस्तलिखिते गोळा करून त्यांनी त्यांची संशोधित आवृत्ती तयार केली. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुण्याच्या टेकड्या, वाड्या-वस्त्या पायी तुडवायच्या, धनगरांशी बोलायचे, शेंदूर फासलेल्या देवांची माहिती घ्यायची, दगडाची जुनी हत्यारे वेचायची. स्वभाव मात्र तिखट होता. वाद झाला की समोरचा कोण आहे हे ते पाहत नसत. शिष्यांनाही त्यांचा धाक होता.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

१९३९ ते १९४५ या काळात दुसरे महायुद्ध चालू होते. त्या ६ वर्षांत जगातल्या विद्यापीठांचे रूप पालटले. जिथे मुलांना शिकवले जायचे, तिथे तोफांचे, रडारचे, बॉम्बचे संशोधन सुरू झाले. पैसा सैन्याचा, विषय सैन्याचा, आणि काय शोधले ते घरी बायकोलाही सांगायचे नाही. हिटलर जिंकला तर जगाचे काय होईल या भीतीने पुष्कळ सज्जन शास्त्रज्ञ या कामात शिरले, आणि ती भीती खोटी नव्हती. पण काहींच्या मनात प्रश्न उभे राहिले. जोसेफ रॉटब्लाट हे अमेरिकेत अणुबॉम्बच्या प्रकल्पात होते. जर्मनीकडे बॉम्ब नाही हे १९४४ च्या अखेरीस स्पष्ट झाल्यावर ते प्रकल्प सोडून निघून गेले आणि पुढे किरणांचा उपयोग वैद्यकात करू लागले. १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. शिकागोमध्ये जेम्स फ्रांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९४५ मध्ये सरकारला अहवाल दिला की, हा बॉम्ब शहरावर टाकू नका, आधी निर्जन जागी उडवून जगाला दाखवा. त्यांचे ऐकले गेले नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी ही दोन शहरे गेली.

आणि आपले नॉर्बर्ट वीनर? उडत्या विमानावर तोफ कशी रोखावी याचे गणित युद्धात त्यांनीच केले होते. युद्ध संपल्यावर एका विमान कंपनीतल्या संशोधकाने क्षेपणास्त्राच्या कामासाठी त्यांच्याकडे ते लिखाण मागितले. वीनर यांनी नकार दिला, आणि तो नकार जानेवारी १९४७ मध्ये एका मासिकात जाहीर छापला. जे हत्यार निरपराध लोकांवर पडणार, त्याला हातभार लावणारे लिखाण यापुढे मी छापणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

याच युद्धाच्या काळात कोसंबी पुण्यात काय करत होते? १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशिकतेवर ४ पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे मोजण्याचे एक सूत्र त्यात होते. त्याला आज कोसंबी सूत्र म्हणतात. भात, गहू, कापूस अशा पिकांच्या जनुकांचे नकाशे काढताना जगभरचे शास्त्रज्ञ ते अजून वापरतात. खानदेशात ज्यांची कपाशीची शेते आहेत अशी कितीतरी घरे आपल्या लिंबायतमध्ये आहेत. त्या कपाशीच्या अभ्यासात हा मराठी माणूस आहे, हे त्यांना सांगायला हवे.

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करायला घेतली आणि कोसंबींना गणितासाठी बोलावले. कोसंबी पुण्यातच राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. गाडीतला वेळ वाचनात जाई. १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेला गेले. संगणक नावाचे यंत्र तेव्हा नुकते जन्मत होते, त्याचा अभ्यास करायचा होता. प्रिन्स्टन येथे ते सुमारे दोन महिने राहिले आणि आइन्स्टाइन यांच्याशी त्यांची चर्चा झाली. म्हणजे मी त्या मुलीला दिलेले उत्तर अगदीच चुकले नव्हते.

परत आल्यावर ते जागतिक शांतता चळवळीत उतरले आणि जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले. या परिषदेचे अध्यक्ष फ्रान्सचे नोबेल विजेते फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी होते. फ्रान्सच्या अणुशक्ती आयोगाचे प्रमुख असूनही त्यांनी बॉम्बला विरोध केला आणि १९५० मध्ये त्यांना ते पद गमवावे लागले. कोसंबींनी त्यांचे हे उदाहरण नक्कीच पाहिले होते. तरी ते मॉस्को, हेलसिंकी, बीजिंग येथे जात राहिले, बोलत राहिले. इथे एक आक्षेप सांगायला हवा. ही परिषद सोविएत रशियाच्या बाजूला झुकलेली होती आणि रशियाही बॉम्ब बनवत होता. एका बाजूच्या बॉम्बवर जास्त बोलायचे आणि दुसऱ्या बाजूच्या बॉम्बवर कमी, असे त्या व्यासपीठावर होत असे. मला स्वतःला हे खटकते. कोसंबी मार्क्सवादी होते, पण पक्षातल्या ठरीव उत्तरांची त्यांनी थट्टाही केली, हेही तितकेच खरे आहे.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांनी विज्ञान आणि स्वातंत्र्य या विषयावर लेख लिहिला. त्यातला विचार माझ्या शब्दांत असा. शास्त्रज्ञाला वाटते की मी मुक्त आहे, मला हवे ते मी शोधतो. पण प्रयोगशाळेचा पैसा कोण देतो, त्याला काय हवे आहे, हे पाहिल्याशिवाय या मुक्तपणाला अर्थ नाही. हा प्रश्न आजच्या कुठल्याही विद्यापीठाच्या दारात उभा करून पाहावा.

भारतात अणुशक्ती आयोग १९४८ मध्ये स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष भाभाच. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. देशभर आनंद झाला, आणि तो योग्यच होता. अशा वेळी भाभांच्याच संस्थेत पगार घेणारे कोसंबी जाहीरपणे सांगू लागले की, अणुवीज या गरीब देशाला परवडणारी नाही. मोठ्या देशांत ती स्वस्त दिसते, कारण तिचा खरा खर्च बॉम्बच्या नावाने सैन्याच्या खात्यावर पडलेला असतो. तिचा कचरा पिढ्यान्पिढ्या विषारी राहतो. आणि आपल्याकडे तर ऊन फुकट पडते! ते प्रत्येक गावात, प्रत्येक छपरावर पोचते, त्याला लांबून तारा ओढाव्या लागत नाहीत. मग संशोधनाचा पैसा सूर्याच्या उष्णतेवर का लावू नये? १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी या विषयावर भाषण दिले, आणि नंतरही ते यावर लिहीत राहिले. मोठ्या धरणांऐवजी पुष्कळ लहान धरणे बांधावीत असेही त्यांचे म्हणणे होते.

भाभांची बाजूही न्यायाने मांडतो. त्या काळी सौर वीज फार महाग होती. कारखाने चालवण्याइतकी वीज उन्हापासून काढण्याचे तंत्र कोणाकडेच नव्हते. नव्या देशाने उंच विज्ञानात मागे राहू नये ही भाभांची तळमळ खरी होती. आपल्यापासून जवळच, तापी जिल्ह्यात, काकरापारला अणुवीज केंद्र आहे. त्याची पहिली भट्टी १९९३ मध्ये सुरू झाली, आज तिथे चार भट्ट्या आहेत. गुजरातच्या विजेत त्यांचाही वाटा आहे. दुसरीकडे पाटण जिल्ह्यात चारणका येथे २०१२ मध्ये मोठे सौर उद्यान झाले, मोढेरा गाव २०२२ पासून सौर ग्राम म्हणून ओळखले जाते, आणि सुरतेच्या कितीतरी छपरांवर आता सोलर पॅनेल दिसतात. ६० वर्षांपूर्वीचे ते भांडण अशा रीतीने आपल्याच जिल्ह्याच्या आजूबाजूला दोन्ही अंगांनी उभे आहे.

१९६२ मध्ये कोसंबींचा टाटा संस्थेतला करार संपला आणि तो पुढे वाढवला गेला नाही. करार संपला, पुढे वाढवला नाही, हे वाक्य लिंबायतमधल्या किती घरांनी ऐकले आहे ते मी सांगायला नको. मिलमध्ये ऐकले काय आणि संशोधन संस्थेत ऐकले काय, घरी येऊन सांगताना जीभ तितकीच जड होते. कारणे दोन सांगितली जातात. एक म्हणजे अणुशक्तीला आणि भाभांच्या धोरणाला केलेला उघड विरोध. दुसरे म्हणजे गणिताच्या जगात त्यांची ढासळलेली पत. रीमानचा सिद्धांत म्हणून गणितातला एक अतिशय अवघड प्रश्न आहे, तो आजही सुटलेला नाही. तो आपण सोडवला असा दावा कोसंबींनी १९५९ मध्ये शेतीच्या संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. तो टिकला नाही आणि त्यांच्यावर टीका झाली. माझ्या मते दोन्ही कारणे खरी असावीत. गणितातली चूक त्यांची स्वतःची होती, ती कोणाच्या माथी मारता येणार नाही. पण संस्थेच्या मुख्य कामालाच विरोध करणाऱ्या माणसाची चूक लवकर दिसते आणि तिला क्षमा होत नाही, हेही आपण नोकरी करणारी माणसे जाणतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले. ज्या चीनमध्ये ते शांततेचे बोलायला गेले होते, त्याच चीनशी आपले जवान बर्फात लढत होते. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुचाचणी केली आणि भारतानेही बॉम्ब करावा ही मागणी जोरात सुरू झाली. अशा हवेत शांततेचे नाव घेणे सोपे नव्हते. कोसंबींनी मत बदलले नाही. १९६४ मध्येही ते गरीब देशांसाठी सौरऊर्जा याच विषयावर लिहीत होते.

नोकरी गेली तरी काम थांबले नाही, उलट वाढले. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे पुस्तक १९६२ चे. ज्या पुस्तकाच्या हिंदी अनुवादाने माझी त्यांच्याशी ओळख झाली, ते मूळ इंग्रजी पुस्तक १९६५ चे. १९६४ मध्ये त्यांना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने सन्मान्य शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान आल्प्स पर्वतात कोसळले आणि ते गेले. पाच महिन्यांनी, २९ जून १९६६ च्या पहाटे, कोसंबीही पुण्याच्या घरी झोपेतच गेले. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांची प्रकृती ठीक असल्याचे सांगितले होते. वय ५८. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाल्या. आजोबा धर्मानंदांचे लेखन त्यांनी इंग्रजीतून जगासमोर आणले.

कोसंबी गेल्यानंतर तीन वर्षांनी, ४ मार्च १९६९ रोजी, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक दिवस संशोधन बंद ठेवले. विज्ञान सैन्याच्या दावणीला का बांधले आहे, यावर त्यांनी दिवसभर चर्चा केली. वीनर आयुष्यभर याच एमआयटीत शिकवत होते. आणि ही संस्था त्याच केंब्रिज गावात आहे, जिथे लहानपणी बाबा कोसंबी स्काउटचा गणवेश घालून फिरत असे.

सुरतकरांसाठी एक शेवटची गोष्ट. जहांगीरपुऱ्यात तापीकाठी पूज्य श्रीमोटांचा हरिओम आश्रम आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. या आश्रमाच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० मध्ये कोसंबींना मरणोत्तर दिला. विषय होता विज्ञान आणि समाज यांचे नाते. ३१ जुलै २००८ रोजी डाक विभागाने त्यांच्यावर ५ रुपयांचे तिकीट काढले.

त्या तिकिटावरचे चित्र मोठे करून काढण्याचे काम नववीच्या वर्गाकडे दिले आहे. ३१ जुलैला ते सभागृहाच्या भिंतीवर लागेल. जागा मी दाखवून ठेवली आहे, डॉ. भाभांच्या उजव्या हाताला. कलाम साहेबांच्या तीन चित्रांपैकी एक त्यासाठी वाचनालयात हलवावे लागेल, त्याबद्दल आठवीच्या मुलांनी रागावू नये.